दोघांची नोकरी, चार डबे, सहा माणसं: आठवड्याची तयारी कशी करता?

बदलापूरकरीण

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, कारण घर कसं आहे ते कळल्याशिवाय सल्ला देता येणार नाही.

घरात आम्ही सहा जण. मी, नवरा, सासू-सासरे, सातवीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा. मी बदलापूरहून फोर्टला जाते, दारापासून दारापर्यंत दोन तास धरा. सात वाजायच्या आतली गाडी चुकली तर पुढच्या गाडीत आत शिरायलाच मिळत नाही. नवरा अंबरनाथला कंपनीत आहे, त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, ओट्याशी उभं राहणं होत नाही; पण खाली पाटावर किंवा खुर्चीत बसून निवडणं, सोलणं, चिरणं त्या मनापासून करतात. सासऱ्यांना मधुमेह आहे, रात्री ज्वारीची भाकरी लागते. पोळ्यांच्या मावशी साडेसातला येतात. म्हणजे माझा आणि मुलीचा डबा त्यांच्या आधीच भरलेला हवा, मुलाचा आणि नवऱ्याचा नंतर चालतो.

सध्या मी रविवारी तीन-चार भाज्या करून फ्रीजमध्ये ठेवते. सोमवारी सगळे खातात, मंगळवारी तोंडं वाकडी होतात, बुधवारी भाजी तशीच परत येते. मटार-बटाट्याला पाणी सुटतं, वांग्याचा रंग बघवत नाही. त्यात रविवार सकाळपासून दुपारी तीनपर्यंत मी ओट्याशी. मुलगी परवा म्हणाली, "आई, तू रविवारी पण ऑफिसला गेल्यासारखीच असतेस." ते मनाला लागलं. म्हणून इथे विचारतेय.

आधी काय करून ठेवावं आणि काय मुळीच ठेवू नये, हे मला नीट कळायला हवंय. सकाळी सहाच्या डब्याला पोळीचं काय करायचं, हाही मोठा प्रश्न आहे. आमच्याकडे शुक्रवारी बरेचदा दुरुस्तीसाठी दुपारभर वीज जाते, त्यामुळे फ्रीजरवर किती विसंबावं ते कळत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं: कामं वाटायची कशी? नवरा सांगितलं की सगळं करतो, पण सांगायचं कोणी? मीच. गाडीत बसल्यावरही डोक्यात दळण, गॅस, उद्याची भाजी हेच चालू असतं.

पंचगंगा

ताई, शिजवलेली भाजी ठेवू नका, भाजीची तयारी ठेवा. आमच्याकडे कोल्हापुरात वाटण तयार असलं की स्वयंपाक निम्मा झाला असंच धरतात.

माझ्या पद्धतीने सांगते. सुकं खोबरं पातळ कापून मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजायचं. आच मोठी केली तर कडा करपतात, आत कच्चं राहतं आणि वाटण कडवट होतं. कांदे उभे चिरून थोड्या तेलात परतायचे, पार तपकिरी होऊन ओलावा जाईपर्यंत. यात घाई केली तर वाटण टिकत नाही. शेवटी त्याच कढईत लसूण, आलं, थोडे तीळ. सगळं पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला लावायचं आणि पाणी अगदी चमच्या-चमच्याने. ताटलीत पसरून, सुरीने चौकोन आखून फ्रीजरला ठेवा. घट्ट झाले की सुटे करून डब्यात भरा. एक चौकोन तेलात टाकला, कांदा-लसूण मसाला घातला की मटकीची उसळ, अंडा रस्सा, वांगं, कुठलीही भाजी पंधरा-वीस मिनिटांत होते. कोथिंबीर वाटणात घालू नका, ताजीच वरून घाला.

सासूबाईंचं वाचून बरं वाटलं. लसूण सोलणं आणि शेंगा निवडणं त्यांच्याकडे ठेवाच. सोललेल्या लसणाची बरणी फ्रीजमध्ये असणं म्हणजे काय सुख असतं, ते सकाळी सहाला कळतं.

सातपूर_सेकंड_शिफ्ट

मी पुरुष आहे, नाशिकला कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. बायको नर्स आहे, तिच्या आठवड्याच्या नाइट असतात. त्यामुळे तुमच्या शेवटच्या प्रश्नावर मला बोलायचंय, कारण पाककृती इथे खूप जण सांगतील.

"सांगितलं की करतो" यात काम निम्मंच वाटलं जातं. सांगणं, आठवण ठेवणं, संपत आलंय का ते बघणं हे सगळं तुमच्याकडेच राहतं. आमच्याकडे आम्ही सुटी सुटी कामं वाटणं बंद केलं आणि अख्खी खाती वाटली. दळणाचं खातं माझं. म्हणजे गव्हाचा डबा किती रिकामा झालाय ते मी बघायचं, गहू निवडून घ्यायचे, गिरणीत टाकायचे, आणायचे, चाळून भरायचे. बायकोने त्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही, आणि पीठ संपलं तर त्या दिवशी काय खायचं तेही मीच ठरवायचं. गॅस सिलिंडर, किराणा, मुलाचा डबा हीही माझी खाती. धुणं, औषधं, शाळेची फी आणि पत्रव्यवहार, भाजी बाजार ही तिची. कंपनीत शिफ्ट संपताना जसं वहीत लिहून मशीन पुढच्या माणसाच्या ताब्यात देतो, तसं आम्ही फ्रीजच्या दारावर लिहितो: कुकर लावलाय, छोले भिजवलेत, दूध एकच पिशवी आहे. एकमेकांची भेट दोन-दोन दिवस उभ्या-उभ्याच होते, त्यामुळे हा कागद नसेल तर आमचं घर चालणारच नाही.

तुमच्या नवऱ्याची शिफ्ट बदलते, म्हणून खातीही आठवड्यानुसार बदलली पाहिजेत. सकाळची शिफ्ट असेल तर संध्याकाळचा कुकर, दुसऱ्या दिवशीची भाजी चिरणं आणि मुलाचा अभ्यास त्यांच्याकडे. दुपारची असेल तर सकाळी मुलाचा डबा, त्याला शाळेत पोचवणं आणि मावशी असताना स्वयंपाकघर त्यांच्याकडे. रात्रपाळीच्या आठवड्यात त्यांच्याकडे दळण-किराणा यापलीकडे काही देऊ नका, त्या माणसाला झोप लागते. शिफ्टचं वेळापत्रक आलं की त्याच दिवशी बसून हे ठरवायचं.

आणखी एक. ज्याचं खातं त्याची पद्धत. मी चिरलेला कोबी जाडसर असतो. बायको तोच खाते आणि काही म्हणत नाही, तसा मीही तिच्या कपड्यांच्या घड्यांत बोट घालत नाही. मी हे मुद्दाम लिहितोय, कारण पुष्कळ घरांत पुरुष एखादं काम हातात घेतो आणि आठवड्याभरात ते परत बाईकडे जातं. का, तर "नीट होत नाही" म्हणून. नीट व्हायला वेळ द्यायला हवा. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ९७. हे घरकाम करणाऱ्यांचंच. जे काहीच करत नाहीत ते पुरुष त्यात धरलेलेच नाहीत. मी ते आकडे वाचले तेव्हा आमच्या लाइनवरच्या सगळ्यांना दाखवले होते.

सातवीतल्या मुलीला एक खातं द्या, पण दुसरीतल्या मुलालाही द्या. मुलगी मोठी म्हणून सगळं तिच्याकडे जायला नको. पाण्याच्या बाटल्या भरणं, ताटं-वाट्या मांडणं, डब्याची भांडी आल्या-आल्या सिंकमध्ये काढणं हे दुसरीतला मुलगा उत्तम करतो.

बदलापूरकरीण

@पंचगंगा, चौकोनांची युक्ती छानच, मी आत्तापर्यंत बर्फाच्या ट्रेमध्ये भरत होते आणि ते निघता निघत नव्हते.

@सातपूर, तुमचं उत्तर नवऱ्याला वाचायला दिलं. त्याने दोनदा वाचलं आणि म्हणाला, दळण आणि मुलाचा डबा मी घेतो. आज इतकंच झालंय, पण मला खूप हलकं वाटतंय.

पोळीचं आणि फ्रीजरचं अजून कोणी सांगेल का?

गृहविज्ञानवाली

मी महाविद्यालयात अन्नशास्त्र शिकवते, तर टिकवण्याबद्दल मी सांगते.

फ्रीज ५ अंशांच्या खाली आणि फ्रीजर उणे १८ला असावा. वीज गेली की दार उघडायचं नाही. बंद दारात फ्रीजमधलं अन्न साधारण ४ तास चांगलं राहतं. फ्रीजर गच्च भरलेला असेल तर ४८ तास, अर्धा असेल तर २४. पण एकदारी फ्रीजमधला बर्फाचा छोटा कप्पा असेल तर हा हिशोब लावू नका, तो तितका थंड होतच नाही. तिथे वाटण, खोवलेलं खोबरं आठ-दहा दिवसांत संपेल इतकंच ठेवा. शुक्रवारी दुपारी वीज जाणार हे माहीत असेल तर गुरुवारी रात्री फ्रीजरमधल्या रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, काठापर्यंत नाही, बर्फ फुगतो.

भाताची मात्र मनापासून काळजी घ्या. बॅसिलस सिरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजवूनही मरत नाहीत. रात्रीचा भात ओट्यावर तसाच राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष सकाळी फोडणीत परतूनही जात नाही. मुलांच्या डब्यात फोडणीचा भात द्यायचा असेल तर रात्री उरलेला भात तासाभरात पसरट ताटलीत गार करून फ्रीजमध्ये जायला हवा. सकाळी चांगली वाफ येईपर्यंत गरम करा, आणि तो एकदाच. कुकरमध्ये झाकून ठेवलेला भात वास न येताही बिघडलेला असू शकतो.

लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवू नका. आलं-लसणाची पेस्ट फ्रीजमध्ये आठवडाभर, जास्त हवी तर गोठवा. मोड आलेली कडधान्यं फ्रीजमध्ये तीन-चार दिवस बरी राहतात, पण तुमच्याकडे लहान मूल आणि ज्येष्ठ आहेत, तेव्हा शिजवूनच द्या.

बटाटा शिजवून गोठवू नका, तो रवाळ होतो आणि पाणी सोडतो. सालासकट उकडलेले बटाटे मात्र फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस छान राहतात. वांगं, बटाटा, केळफूल हे आयत्या वेळीच चिरायचं. घेवडा, गवार, फरसबी, गाजर, फ्लॉवर, कोबी चिरून दोन-तीन दिवस चालतं. भेंडी आधी धुवून, पूर्ण कोरडी करून मग चिरा. ती एका दिवसापेक्षा जास्त नको. पालेभाजी निवडून ठेवा, धुवून नाही. सुती फडक्यात सैल गुंडाळली की मेथी तीन दिवस टवटवीत राहते. डिसेंबर-जानेवारीत मटार स्वस्त असतात तेव्हा सोलून, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, आणि कोरडे करून फ्रीजर. उकळत्या पाण्यातून न काढता गोठवले तर रंग आणि चव दोन्ही जातात.

तळकोकण

सगळ्यांनी छान लिहिलंय. मला थोडं वेगळं सांगायचंय.

रोज डब्याला पोळी-भाजीच हवी असं कोणी ठरवलं? सहाच्या डब्याला दशमी करून बघा. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची, मीठ, थोडं तेल. रात्री केली तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मऊ राहते. पूर्वी प्रवासाला निघताना दशम्याच बांधून द्यायचे. सोबत दाण्याची किंवा कारळाची चटणी आणि दही वेगळ्या डबीत. एक दिवस थालीपीठ: भाजणी घरात असली की कांदा चिरण्यापुरतंच काम. भाजणीचं धान्य मात्र एकेक वेगळं भाजायचं, बाजरी आणि चण्याची डाळ एकाच कढईत घातली की एक करपतं आणि एक कच्चं राहतं. एक दिवस इडली. रविवारी रात्री पीठ आंबवलं की सोमवारी इडली, मंगळवारी डोसे, बुधवारी उरलेल्यात कांदा-मिरची घालून आप्पे. तीन सकाळी निघतात आणि तिन्हीची चव वेगळी. पीठ फुगलं की लगेच फ्रीजमध्ये टाका, बदलापूरला एप्रिल-मेमध्ये ते दोन-चार तासांत आंबट होतं.

कणीक रात्री मळून ठेवलीत तरी चालते, वरून तेलाचा हात फिरवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात. सकाळी वापरायचीच. त्यापुढे ठेवली तर ती काळपट पडते.

रात्रीचा स्वयंपाक तर आणखी साधा करा. तुम्ही दमून येता, मुलं भुकेली असतात. आमच्या घरी कुळथाची पिठी आणि भात, बाजूला भाजलेला पापड, आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची सोलकढी, हे पूर्ण जेवण असतं आणि कोणाला काही कमी वाटत नाही. पिठी दहा मिनिटांत होते. मेतकूट, कुळथाचं पीठ, आगळ, चटण्या ही बेगमी उन्हाळ्यातच करून ठेवायची रीत आहे आणि ती नोकरीवाल्या घराला फार उपयोगी पडते. आठवड्यातून दोन रात्री अशा ठरवून टाका: मंगळवारी पिठी-भात, गुरुवारी मुगाची खिचडी-कढी. त्या दोन दिवशी काय करायचं हा विचारच करावा लागत नाही. माझ्या मते हीच खरी सोय, चिरून ठेवलेल्या भाजीपेक्षाही मोठी.

पंचगंगा

तळकोकण, पटलं. फक्त सासऱ्यांना रात्री भात किती चालतो ते डॉक्टरांना विचारून.

बदलापूरकरीण

हो, त्यांना भाकरीच सांगितली आहे, म्हणून रात्री कितीही साधं केलं तरी भाकरीचं काम उरतंच. मी साडेआठला घरी पोचते आणि त्यांना आठला जेवायला लागतं. मावशींनी सकाळी करून ठेवली तर रात्री कडक होते, दात दुखतात त्यांचे. ज्वारीची उकड काढून फ्रीजमध्ये ठेवता येईल का? आणि हल्ली भाकरी थापताना फार तुटते, मावशी म्हणतात पीठ चांगलं नाही.

मंगळवेढ्याची_शाळू

यात मी सांगू शकते, आमच्या घरात तिन्ही त्रिकाळ भाकरीच.

मावशी बरोबर सांगतायत. पिठाची विरी, म्हणजे भाकरी धरून ठेवायची ताकद, गेली की भाकरी थापताना फाटते. ज्वारीचं पीठ दळून आठ-पंधरा दिवसांत संपलं पाहिजे, उन्हाळ्यात त्याहून लवकर. महिन्याचं दळण एकदम आणू नका, दोन-दोन किलोच दळा. दुकानातलं पिठाचं पाकीट कधी दळलंय ते कळत नाही, त्यामुळे ज्वारी आणून गिरणीत देणं केव्हाही चांगलं. मालदांडी जातीची ज्वारी मिळाली तर बघाच, भाकरीला गोडवा येतो. गिरणीवाल्याला गव्हाच्या पाठीवर नाही, ज्वारीच्याच पाठीवर दळायला सांगा.

उकडीचा गोळा फ्रीजमध्ये ठेवून माझ्याकडे तरी कधी नीट भाकरी झाली नाही. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, गरम पाण्याने जी पकड येते ती गार झाल्यावर जाते. त्यापेक्षा असं करा. भाकरी संध्याकाळी सहा-साडेसहाला कोणीतरी करायची. नवऱ्याची सकाळची शिफ्ट असते त्या आठवड्यात त्यांनी शिकावी. पाण्याला उकळी आणायची, पिठात मधोमध खळगा करून ते ओतायचं, झाकून पाच मिनिटं. मग गार पाण्याचा हात घेऊन तळव्याच्या टाचेने रगडून मळायचं. रगडणं महत्त्वाचं, तिथे हात राखला तर कडा चिरतात. थापायला जमत नसेल तर प्लास्टिकच्या कागदावर लाटली तरी चालते, कोणी नावं ठेवणार नाही. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकत आलं की उलटायची, आणि दुसरी बाजू भाजली की थेट आचेवर फुगवायची. झाल्यावर सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवली की दोन तास मऊ राहते. सासरे आठला जेवतात तोवर काही होत नाही.

बाकीच्या आठवड्यांत मावशींना संध्याकाळी यायला जमतं का विचारा, फक्त दोन भाकऱ्यांसाठी, वेगळे पैसे देऊन. आमच्या शेजारी अशीच सोय केली आहे. नाहीतर दूध किंवा आमटीत कुस्करून चालत असेल तर सोलापूरकडची कडक भाकरी आणून ठेवा, ती कित्येक दिवस टिकते आणि गरम आमटीत लगेच मऊ पडते. दातांचा प्रश्न उरत नाही.

बदलापूरकरीण

आमटीत कुस्करून ते आवडीने खातात! हे मला सुचलंच नव्हतं. कडक भाकरी दादरला मिळते असं ऑफिसमधली एक मैत्रीण म्हणाली, उद्या येताना घेते.

मावशींशी बोलले. त्यांना संध्याकाळी जमत नाही, पण त्यांची सून जवळच राहते, ती सोमवारपासून यायला तयार आहे. नवऱ्याला सकाळच्या शिफ्टच्या आठवड्यात भाकरी शिकायचीय, सासूबाई शेजारी खुर्ची टाकून शिकवणार आहेत. त्या कालपासून त्याच विषयावर बोलतायत.

या रविवारी फक्त वाटण, दाण्याचं कूट, इडलीचं पीठ आणि भिजवलेली मटकी इतकंच करणार आहे. लसूण सासूबाईंकडे, मेथी निवडणं मुलीकडे, बाटल्या मुलाकडे. मंगळवारी पिठलं-भात आणि सासऱ्यांना पिठलं-भाकरी पक्कं, कुळीथ इथे चांगला मिळाला की पिठी. @गृहविज्ञानवाली, एकच विचारायचं राहिलं: मटकीला मोड आल्यावर धुवून ठेवू की तशीच?

गृहविज्ञानवाली

मोड आल्यावर एकदा धुवून, पूर्ण निथळून, कोरड्या फडक्यावर पसरून मग डब्यात. डब्याच्या तळाशी घडी केलेलं कापड ठेवा म्हणजे पाणी साचत नाही. आणि मोड लांब येऊ देऊ नका, छोटेच असताना फ्रीजमध्ये टाका, उसळ चांगली लागते.